बेकासीहून मागवलेला दगड

गुरुवार, पॉन

आजपासून रोज काय घडलं ते, वार आणि आमच्या पाच दिवसांच्या बाजारचक्रातला दिवस घालून, लिहायचं ठरवलं आहे. लग्नघरात कोण काय बोललं हे नंतर आठवत नाही, आणि मला आठवायचं आहे.

माझ्या मुलीचं, वेनिंगचं, लग्न जेमतेम महिन्यावर आलं. मुलगा बालिकपापानचा. म्हणजे लग्न झालं की पोरगी समुद्रापलीकडे. तिला कपाट, पंखा, भांडी सगळं तिकडेच घेतील, पण एक वस्तू माझ्याकडूनच जाणार: दगडी चोबेक, सांबालची चटणी वाटायचा खल, आणि त्याचा बत्ता. माझ्या आईने मलाही असाच दिला होता. मिक्सरमधून निघतं त्याला मी सांबाल म्हणत नाही, ते मिरच्यांचं पाणी.

आता कुणीही म्हणेल, बाई, तू राहतेस पाथरवटांच्या गल्लीत. भिंतीपलीकडे दिरान दिवसभर छन्नी ठोकत असतो. हात लांब केला तर चोबेक मिळेल. मिळेल, पण त्या घराकडे मी हात लांब करणार नाही.

दिरानच्या बायकोने, मार्सिहने, आपल्या आईच्या मृत्यूनंतरच्या हजाराव्या दिवसाची कंदुरी केली, प्रार्थना आणि जेवण. गल्लीत घरोघरी बरकतीचे डबे गेले. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्यालासुद्धा गेला, आणि तो धड आमच्या गल्लीतलाही नाही. आमच्याकडे ना आमंत्रण, ना डबा. आमचे हे म्हणाले, "राहिलं असेल चुकून. कशाला मनावर घेतेस?" चुकून! तीस वर्षं आमची भिंतीला भिंत आहे. मी तिला 'यू' म्हणत आले, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. दुसऱ्या दिवशी ती कुंपणाशी येऊन उभी राहिली, जणू मीच तिला काहीतरी बोलायला हवं होतं. मी कपडे वाळत घातले आणि आत आले. तेव्हापासून बोलणं बंद. या वहीत ती फक्त 'पलीकडची'.

गल्लीतले बाकीचे पाथरवट सगळे दिरानचे चुलत नाहीतर मावस. त्यांच्याकडे घेतला तर संध्याकाळपर्यंत तिला बातमी. वेनिंग फोनवर म्हणाली, "इबू, ऑनलाइन मागव ना. कुणाला कळणारसुद्धा नाही." पोरगी जोग्या शहरात बालवाडीत शिकवते, तिला या गोष्टी कळतात.

शुक्रवार, वागे

दुकान सापडलं. नाव 'दापुर रातू', मुक्काम बेकासी, पार जकार्ताजवळ. फोटोत काळाभोर, सुरेख चोबेक. खाली लिहिलेलं: मेरापी ज्वालामुखीचा अस्सल दगड. मी बटण दाबलं आणि लगेच तिकडच्या दुकानवाल्या मुलीचा मजकूर आला, "धन्यवाद बुंडा!" मला आजवर कुणी बुंडा म्हटलेलं नाही, शहरातल्या इंग्रजी शाळेवाल्या आयांना म्हणतात. ऐकायला बरं वाटलं.

मी विचारलं, "वस्तू हातात आहे ना?"

"स्टॉक तयार आहे बुंडा."

"मग जरा उलटा करून सांगा, खालून सपाट आहे की डुगडुगतो?"

यावर जी सामसूम झाली ती दुपारपर्यंत. मग उत्तर आलं, "सपाट आहे बुंडा." एक भांडं उलटं करायला एवढा वेळ? वेनिंग म्हणते, मोठं गोदाम असेल, शोधावं लागत असेल.

याच दुपारी पलीकडची अंगणातून ओरडत होती, "अहो, तो चोबेक उलटा करून बघा, डुगडुगतो का विचारतायत!" तिलाही कुणीतरी चौकस गिऱ्हाईक भेटलंय. बरं झालं. मी कुणाचं वाईट चिंतत नाही, पण बरं झालं.

रविवार, लगी

वेनिंग सुट्टीची आली आहे. नारळाच्या दुधातला फणस केला. ह्यांना अर्धी वाटी भात मोजून दिला. दवाखान्यातल्या बाईंनी साखर वाढल्याचं सांगितल्यापासून ह्यांच्या ताटाची मी चौकीदार आहे. गोड तर घरात येतच नाही. एवढं करूनही आकडा काही उतरत नाही, हे मला कळत नाही.

सकाळी मी 'दापुर रातू'ला लिहिलं की सिमेंटचे चोबेकही हल्ली काळा रंग देऊन विकतात, तेव्हा बत्त्याने वाजवून आवाज ऐकवा. फसायला मी काही बेकासीची नाही.

थोड्या वेळाने भिंतीपलीकडून, "आता वाजवून दाखवा म्हणतायत! चोबेक घ्यायचाय का गामेलानचं वाद्य?" आणि मग दिरानचं हसणं. मलाही हसू आलं. या लोकांना गिऱ्हाईक सांभाळता येत नाही. ह्यांनी शिकावं बेकासीवाल्यांकडून. तिकडची मुलगी एका शब्दाने वैतागली नाही, तासाभरात व्हिडिओ पाठवला. एक हात, एक बत्ता, टण् टण् असा स्वच्छ आवाज. मागे कुठेतरी कोंबडा आरवला, आमच्या कोंबड्यासारखाच शेवटी चिरकणारा. बेकासीचे कोंबडेही बेसूरच निघाले.

वेनिंगने तो व्हिडिओ परत परत पाहिला, तोंडावर हात धरला आणि न्हाणीघरात पळाली. बाहेर आली ती डोळे पुसत. पोट बिघडलं म्हणाली. फणस जड गेला असावा.

मंगळवार, पॉन

आज अपमान झाला.

मी फक्त एवढंच विचारलं होतं की आवाज चांगला आहे, पण आत सिमेंट आणि वरून दगड असं तर नाही ना. उत्तर आलं:

"त्या बाईला म्हणावं, सिमेंट वाटत असेल तर स्वतःच्या डोक्यावर आपटून बघ. काय फुटतं त्यावरून कळेल."

डोळ्यांदेखत तो मजकूर नाहीसा झाला. त्या जागी, "माफ करा बुंडा, चुकून पुढे आलं. कारागीर म्हणतात, दगड उत्तम आहे."

मी ह्यांना तो मजकूर शब्दशः सांगितला. ह्यांना चहाचा ठसका लागला. "काय बाई आहे!" म्हणाले. मी म्हटलं, बाई कशावरून? कारागीर पुरुष असेल. तर म्हणाले, "नाही, म्हणजे, बोलण्यावरून वाटलं." आणि उठून गळ आणि दोरा घेऊन तळ्यावर गेले.

मी ऑर्डर रद्द करणार होते, बोट बटणावर ठेवलंही होतं. पण विचार केला, माल अस्सल असल्याशिवाय एवढा माज येत नाही. असा फटकळपणा आपल्या गल्लीत एकीपाशीच होता, आणि तिचा दगड कधी खोटा निघाला नाही, हे शत्रू असले तरी मी मान्य करीन.

शनिवार, पाहिंग

गल्लीप्रमुखांची बायको रेवांगचं, म्हणजे शेजारणींनी मिळून करायच्या लग्नाच्या स्वयंपाकाचं, ठरवायला आली होती. लग्नाच्या आदल्या दिवशी चुलीवर कोण, भाताला कोण, नारळाला कोण. सगळी नावं झाली आणि ती सहज म्हणाली, "सांबाल आणि एकूण स्वयंपाकघर मार्सिहच बघणार ना?"

मी म्हटलं, "बघू."

"बघू काय? ती नसली तर एवढ्या बायका एकमेकींच्या पायात येतील. तू जाऊन सांगितलंस ना तिला?"

मी चहा आणायला आत गेले. खरं लिहायचं तर आत जाऊन नुसती उभी राहिले. वेनिंगच्या कानटोचणीपासून आमच्या घरातलं एकही कार्य तिच्याशिवाय झालेलं नाही. लग्नमांडवात ती नसेल हे डोळ्यांसमोर येतच नाही. पण जिने मला डब्याच्या लायकीचं धरलं नाही तिच्या दारात मी जाऊ? आमंत्रणपत्रिका पाठवीन परक्यासारखी. आली तर आली.

बाई गेल्यावर हे म्हणाले, "मिनी, समज, डबा त्यांनी दिला असेल, आणि वाटेतच कुठे..."

"वाटेत काय? डब्याला पाय फुटले?"

"नाही, पाय नाही."

"मग?"

"काही नाही. गळाला किडे लावायचे राहिलेत."

हल्ली ह्यांचं मासे पकडणं फार वाढलंय. मासा मात्र घरात येत नाही.

मंगळवार, क्लिवोन

आज 'दापुर रातू'ला सविस्तर लिहिलं. भांडण नाही, व्यवस्थित. चोबेक माझ्या मुलीच्या लग्नासाठी आहे, ती लांब चालली आहे. लहानपणी दगडांवरून पडून तिचं उजवं मनगट मोडलं, हाड थोडं तिरकं बसलं, त्यामुळे खोल चोबेकात तिचा हात वळत नाही. तेव्हा पसरट बघून द्या, बत्ता आखूड आणि जाड द्या. लिहिता लिहिता डोळे भरून आले आणि ते सगळं तसंच पाठवलं.

एक गोष्ट लिहिली नाही, कारण दुकानाला तिच्याशी काय देणंघेणं. वेनिंग पडली ती पलीकडच्यांच्याच अंगणातल्या दगडांच्या ढिगावरून. मी घरात नव्हते. मार्सिहने पोरीला पाठीवर घेतलं आणि हाडवैद्याच्या घरापर्यंत धावत गेली. एक चप्पल रस्त्यात निसटली, ती शेवटपर्यंत सापडली नाही. नंतर कितीतरी दिवस ती उरलेली एक चप्पल दारात ठेवून म्हणायची, "हिची जोडीदार येईल."

संध्याकाळी पलीकडे छन्नी चालू होती ती मधेच थांबली. मग कुणीतरी जोरात नाक शिंकरलं. सर्दीची साथ आहे.

गुरुवार, पाहिंग

विलक्षण गोष्ट घडली. 'दापुर रातू'कडून मजकूर: "बुंडा, कारागीर विचारतायत, नवरी अजूनही तरासी खात नाही का? नसेल तर नवा चोबेक माखताना तरासी लावायला नको."

मी हे कुठेही लिहिलं नव्हतं! वेनिंगला तरासीचा, त्या आंबवलेल्या कोळंबीच्या गोळ्याचा, वास लहानपणापासून चालत नाही, हे बेकासीत कुणाला कसं कळलं? तिला फोन करून विचारलं तर आधी तिच्याकडून विचित्र आवाज आला, मग म्हणाली, "इबू, फोन आपलं बोलणं ऐकतो. सगळ्यांचाच ऐकतो."

तेव्हापासून महत्त्वाचं काही बोलायचं असलं की मी फोन पंच्यात गुंडाळून तांदळाच्या पिंपात ठेवते. ह्यांची साखर, लग्नाचे रुसवेफुगवे, हे काय बेकासीने ऐकायचं?

पुढे लिहिलं होतं की कारागीर हा चोबेक मुद्दाम नवा घडवणार आहेत, चार दिवस इकडेतिकडे होतील. मी म्हटलं, "स्टॉक तयार होता ना?"

"तयार होतोय बुंडा. आणि कारागिरांचा निरोप आहे की नवरीच्या आईने काळजी करू नये, पोरीचा हात दुखणार नाही."

तो निरोप मी पुन्हा पुन्हा वाचला. परवा ज्या माणसाने डोक्यावर दगड आपटायला सांगितलं, तोच हा. वरून फटकळ, आतून मऊ. कुठे बेकासी, आणि कुठे माझी मुलगी! अशी माणसं आमच्या शेजारी का राहत नाहीत?

पलीकडे हल्ली छन्नीचा आवाज बदललाय. नेहमीची ठोकाठोक नाही, कुणी बाळाला थोपटावं तसा हळू.

मंगळवार, पाहिंग

आनंदाची बातमी, पार्सल निघालं! फोनवर दिसलं. बेकासीवाले शब्दाचे पक्के.

बातमी येण्याच्या थोडं आधी कुरियरवाला बाग्यो पलीकडे आला होता. मी खिडकीचा पडदा सारखा करत होते म्हणून दिसलं. दिरानने एक जड खोकं त्याच्या स्कूटरवर चढवलं, स्कूटर बसलीच. बाग्योने चिठ्ठी वाचली, आमच्या घराकडे बोट दाखवलं आणि काहीतरी म्हणाला. पलीकडचीने जोरजोरात मान हलवली. तो पुन्हा बोट दाखवतो, ही पुन्हा मान हलवते. शेवटी तो डोकं खाजवत, कमरेला हात लावत निघून गेला.

म्हणजे आता कुरियरवाल्यापुढेसुद्धा आमची निंदा. बोट दाखवण्यापर्यंत मजल गेली! ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "बोट कशालाही दाखवतात." ह्यांना कशाचंच काही वाटत नाही. पत्रिकासुद्धा पाठवू नये असं वाटायला लागलंय.

शुक्रवार, क्लिवोन

आजचं सगळं नीट क्रमाने लिहायचं आहे.

सकाळी बाग्यो खोकं घेऊन आला आणि ओट्यावर टेकवून तिथेच बसला. म्हणाला, "बू, हा दगड सेमारांगच्या कुरियर गोदामापर्यंत जाऊन आला. पोस्टरातला मंत्री एवढा फिरत नाही. माझी कंबर मात्र दोनदा गेली."

"दोनदा कशी? तू तर आत्ताच आणलंस."

त्याने पलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "मला बोलायला मनाई आहे," म्हणाला, आणि पाणीसुद्धा न पिता पळाला.

मी खोकं उघडलं. तांदळाच्या गोणपाटात गुंडाळलेला चोबेक, पसरट, कडा गोल केलेल्या. बत्ता आखूड, आणि त्याला एका बाजूला अंगठा टेकायला खळगा कोरलेला, तोसुद्धा तिरका. नव्या चोबेकातून दगडाची कच निघते म्हणून तो खोबरं घालून वाटवाटून माखावा लागतो, ते काम दुकानदार कधी करत नाही. हा माखून आला होता. खोबऱ्याचा वास येत होता.

आणि तळाशी प्लॅस्टिकची पिशवी. आत पिवळा चुरा. शेंगदाण्याचे रंपेयेक, ते तळलेले पातळ पापड, असणार, दगडाखाली बसून त्यांचं पीठ झालेलं. मी चिमूटभर तोंडात टाकलं.

लिंबाची पानं केसासारखी बारीक चिरलेली. जराशी कचोऱ्याची चव. अशी पानं चिरणारी बाई या जगात एकच आहे, आणि ती बेकासीला राहत नाही.

मी तशीच जमिनीवर बसले. उलटा केलेला चोबेक, गामेलान, चिरकणारा कोंबडा, तरासी, सगळं एकदम डोक्यात शिरलं. तेवढ्यात हे आले. "काय आलंय?" म्हणत पिशवीत हात घातला, मूठभर चुरा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि म्हणाले,

"वा! तीच चव. पण डब्यातले जास्त कुरकुरीत होते."

मी पिशवी ह्यांच्या हातातून काढून घेतली.

"कुठल्या डब्यातले?" मी विचारलं.

हे घास गिळायला तयार नाहीत आणि टाकायलाही.

"कुठल्या डब्यातले हो?"

मग बाहेर आलं. आमंत्रण आलं होतं, ह्यांच्याकडेच. पण त्या संध्याकाळी मासे लागत होते म्हणून हे कंदुरीला गेलेच नाहीत. दिरान बिचारा डबा घेऊन आमच्याकडे निघाला होता, हे त्याला कुंपणाबाहेरच, तळ्याच्या वाटेवर भेटले आणि म्हणाले, द्या, मीच नेतो. डब्यात वाजीक होतं, गुळाचं, चिकट, तुपकट. घरी आणलं असतं तर मी खाऊ दिलं नसतं. म्हणून तळ्याकाठी बसून सगळं संपवलं, भातासकट, कोंबडीसकट, आणि डबा पाण्यात सोडून दिला.

"मी सांगणार होतो गं," हे म्हणाले. "पण तू दुसऱ्याच दिवशी एवढी पेटलीस, मग म्हटलं, थोडी थंड होऊ दे."

मी ह्यांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, ही वही उद्या वेनिंग वाचेल. चोबेक उचलला आणि मागच्या दाराने निघाले. पुढच्या दाराने परके येतात.

ती मोरीशी पातेलं घासत होती. मी म्हटलं, "यू."

तिने मान वर केली नाही. "काय हवंय बुंडा? स्टॉक तयार आहे."

आणि मग आम्ही दोघी इतक्या हसलो आणि रडलो की दिरान छन्नी टाकून आत आला आणि काही न विचारता परत गेला.

मी तळ्याची हकीकत सांगितली. ती पातेलं हातात धरून ऐकत राहिली. "म्हणजे तुला मिळालाच नव्हता?" म्हणाली. "मला आपलं रोज मन खात होतं. दुसऱ्या दिवशी कुंपणाशी आले, तू बघितलंसुद्धा नाहीस. मला वाटलं, वाजीक खाली लागलं होतं, करपट लागलं असेल, म्हणून मिनी रागावली. आईच्या हजाराव्याचं वाजीक!"

"करपलं असतं तरी मी खाल्लं असतं, यू."

"तुला कसं कळलं असतं? तुला तर माझा दगडसुद्धा सिमेंटचा वाटतो."

मी विचारलं, मनगटाचं वाचलंस तेव्हाच ओळखलंस ना, मग भिंतीवरून एक हाक का नाही मारलीस? बाग्योलाही का पळवलंस? तर म्हणते, "तू बेकासीहून मागवलास ना? मग म्हटलं येऊ दे बेकासीहूनच. मलाही थोडा ताठा आहे."

मग तिने सगळा घोळ उलगडून सांगितला. बेकासीची ती पोरगी बिछान्यावर बसून फोनवर दुकान चालवते, जन्मात तिने चोबेकाला हात लावलेला नाही. ती सोलो शहरातल्या एकाला सांगते. तोही फोटोच विकतो. तो जोग्याच्या एका बाईला सांगतो, आणि ती बाई मार्सिहला. माझा एकेक प्रश्न असा गावोगाव हिंडून माझ्याच भिंतीपलीकडे येऊन पडत होता, आणि तिची शिवी त्याच वाटेने माझ्याकडे.

उठताना मी म्हटलं, "रेवांगला..."

"सांगायला लागतं का?" ती म्हणाली. "नारळ किती आणलेस? कमीच आणले असशील."

रविवार, पाहिंग

उद्या लग्न. आज रेवांग. अंगणात चुली पेटल्या आहेत, बायका बसल्या आहेत, आणि मधोमध यू मार्सिह पळी हातात घेऊन सगळ्यांना कामाला लावते आहे. सांबाल वेनिंगच्या चोबेकावरच वाटला, पहिला मान म्हणून. वेनिंगने स्वतः बत्ता धरला, अंगठा बरोबर खळग्यात बसला. तिने दिरानकडे नुसतं पाहिलं, आणि तो म्हातारा उगाचच आपली छन्नी शोधायला लागला. त्या रविवारी पोरीचं पोट बिघडलं नव्हतं, हेही आज कळलं. कोंबडा ओळखून तिने तोंडात कापड कोंबलं होतं.

ह्यांना नारळ खवायला बसवलंय, भर अंगणात. कमी पडले म्हणून यूने आणखी आणवले, तेही ह्यांनाच. येणारी प्रत्येक बाई थांबून विचारते, "बरकत कशी होती हो?" हे मान खाली घालून खवतात. यूने मघाशी ह्यांच्या हातावर वाजीकचा एक तुकडा ठेवला, नखाएवढा. मी बघितलं नाही असं केलं.

दुपारी फोन वाजला. तो आता पिंपात ठेवत नाही. 'दापुर रातू' विचारत होतं: वस्तू फोटोसारखी आहे का? किती तारे द्याल? तुमच्या मैत्रिणींना हे दुकान सुचवाल का?

मी फोन यूच्या पुढे धरला. "काय लिहू गं?"

तिने मिरच्यांचे हात पदराला पुसले, वाचलं आणि पुन्हा पातेल्याकडे वळली.

"लिही, दगड बरा आहे. गिऱ्हाईक मात्र फार चिकट."

तसंच लिहिलं. पाचही तारे दिले. थोड्याच वेळात सोलो, जोग्या असं फिरत फिरत ते यूच्या फोनवर आलं असावं, कारण चुलीपाशी तिचा फोन किणकिणला, तिने वाचलं, आणि धुराने डोळे चुरचुरतात असं म्हणून ती बराच वेळ माझ्याकडे पाठ करून उभी राहिली.